एका किड्याची पोथी

पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यात अंगणातल्या दिव्याभोवती जे काही गोळा होते, ते आपण एका शब्दात उरकतो : किडे. त्यात पतंग असतात, पंख गाळून टाकणारी वाळवी असते, भिंतीवर आपटून उताणे पडणारे भुंगेरे असतात. सकाळी आपण हे सगळे केरसुणीने लोटून मोकळे होतो. आज ज्या कामाविषयी मला बोलायचे आहे, ते याच्या अगदी उलट चालते. तिथे त्या गर्दीतला एकच किडा उचलतात. त्याचे नाव काय, हे आधी विचारतात. आणि मग त्याच्या शरीरात निसर्गाने लिहून ठेवलेली पोथी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढतात.

श्रोतेहो, विज्ञान हा काही माझा प्रांत नव्हे. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण हे काम वाचन आणि नाव या दोन गोष्टींवर उभे आहे, आणि त्या दोन्हींशी कवीचा रोजचा संबंध असतो. म्हणून हे धाडस.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो, हे आता शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. या धाग्यावरची लिपी फक्त चार अक्षरांची आहे. इंग्रजीतल्या ए, टी, जी आणि सी या अक्षरांनी ती दाखवतात. या चार अक्षरांच्या क्रमात त्या जिवाच्या घडणीची सारी हकिकत असते. या संपूर्ण मजकुराला जीनोम म्हणतात. माणसाचा जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा आहे. अंगठ्याएवढा वाळवंटी टोळ मात्र आपल्याला मागे टाकतो. त्याची पोथी ८०० कोटींहून अधिक अक्षरांची भरते. मे २०२० मध्ये ज्याच्या झुंडी अमरावती, वर्धा, नागपूर जिल्ह्यांतल्या शेतांवर उतरल्या, तोच हा टोळ.

कीटक, कोळी, विंचू, गोम, खेकडा, कोळंबी, गोचीड या सगळ्यांना मिळून संधिपाद म्हणतात, म्हणजे सांधे असलेल्या पायांचे प्राणी. पृथ्वीवर आजवर नाव मिळालेल्या प्राण्यांच्या जाती घेतल्या, तर दर पाचांतल्या साधारण चार संधिपादांच्या निघतात. नुसत्या कीटकांच्याच दहा लाखांच्या आसपास जातींना नावे मिळाली आहेत, आणि बिननावाच्या त्याहून कितीतरी अधिक असाव्यात, असे जाणकार मानतात. आपण ज्यांना केरात टाकतो, खरी वस्ती त्यांची आहे.

या वस्तीची पोथी वाचायला सुरुवात झाली ती मार्च २००० मध्ये. पिकल्या केळ्यावर घोंघावणारी इवलीशी फळमाशी हा पहिला मान घेऊन गेली. तिची सुमारे १२ कोटी अक्षरे वाचली गेली आणि त्यात १३,६०० च्या आसपास जनुके सापडली. २००२ मध्ये आफ्रिकेतला मलेरियाचा डास वाचला गेला, २००४ मध्ये रेशमाचा किडा, २००६ मध्ये मधमाशी. मधमाशीच्या पोथीत एक मौजेची गोष्ट निघाली. वास ओळखण्याची तिची जनुके १७० भरली. फळमाशीची ६० च्या आसपासच होती. फुलांच्या मागावर जन्म काढणारीला नाक दांडगे हवेच!

पण तेव्हाच्या पद्धतीला एक मोठी अडचण होती. यंत्राला डीएनए भरपूर लागे. एका माशीचा पुरत नसे. म्हणून प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या, एकमेकींसारख्याच असणाऱ्या असंख्य माश्यांचा डीएनए एकत्र करावा लागे. ज्या किड्यांना कुणी प्रयोगशाळेत पाळलेले नाही, त्यांचे काय? रानातून शंभर पतंग धरून एकत्र वाटले तर चालणार नाही का? नाही चालणार. याचे कारण मराठी वाचकाला चटकन उमगेल. एकाच ज्ञानेश्वरीच्या जुन्या हस्तलिखितांत किती पाठभेद होते! एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये बसून ती प्रत शुद्ध केली, तेव्हा त्यांच्यापुढे वेगवेगळ्या पोथ्या निदान वेगवेगळ्या तरी होत्या. समजा कुणी शंभर पोथ्या फाडून त्यांचे तुकडे एका पोत्यात भरून त्यांच्यापुढे ठेवले असते तर? रानातल्या शंभर पतंगांचे नेमके हेच होते. प्रत्येकाचा मजकूर किंचित वेगळा, आणि कुठला तुकडा कुणाचा हे कळायला मार्ग नाही.

हे कोडे गेल्या काही वर्षांत सुटले. २०१९ मध्ये संशोधकांनी एका, अक्षरशः एकाच डासाच्या डीएनएवरून त्याचा उत्तम जीनोम तयार करून दाखवला. त्यासाठी त्यांना ग्रॅमच्या एक कोटीव्या भागाएवढा डीएनए पुरला. शिवाय आधीची यंत्रे एका वेळी शे-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचत. नवी यंत्रे सलग दहा-वीस हजार अक्षरे वाचतात. याचे महत्त्व सांगतो. अभंगात ध्रुवपद पुन्हा पुन्हा येते. फाटलेल्या चिठोऱ्यावर फक्त ध्रुवपदच असेल, तर ते कुठल्या कडव्यानंतरचे, हे ओळखणार कसे? चिठोऱ्यावर पुढचे-मागचे कडवेही असेल तर प्रश्न मिटतो. किड्यांच्या जीनोममध्ये अशी ध्रुवपदे रगड असतात. म्हणून लांब तुकड्यांची एवढी मातब्बरी.

आणि इथूनच सगळा भार येऊन पडला तो किडा धरणाऱ्या माणसावर. आता पोथी एकाच जिवाची वाचायची आहे. तो कुणी धरला, कसा धरला, कसा ठेवला आणि काय म्हणून ओळखला, यावर सारे अवलंबून आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये लंडनमध्ये एका जागतिक मोहिमेची घोषणा झाली. जिवाणू आणि त्यांच्यासारखे अतिसूक्ष्म जीव वगळून, नाव मिळालेल्या सगळ्या सजीवांचे जीनोम वाचायचे, असा तिचा संकल्प. तिचे नाव अर्थ बायोजीनोम प्रोजेक्ट. तिच्यातलाच ब्रिटनचा भाग म्हणजे डार्विन ट्री ऑफ लाइफ. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या सुमारे ७०,००० जाती वाचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. वाचनाचे काम केंब्रिजजवळ हिंक्स्टन गावातल्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमध्ये चालते. किडे मात्र येतात रानांतून. त्यातले एक प्रसिद्ध रान म्हणजे ऑक्सफर्डजवळचे वायथम. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ताब्यात असलेल्या या जंगलाचा अभ्यास १९४० च्या दशकापासून अखंड चालू आहे.

तिथे किडे कसे धरतात, ते ऐकण्यासारखे आहे. पतंगांसाठी एक पेटी असते. तिच्या तोंडावर नरसाळे आणि नरसाळ्यावर प्रखर दिवा. पेटीच्या आत काय, तर अंडी ठेवायचे पुठ्ठ्याचे ट्रे! रात्री दिव्याकडे आलेले पतंग नरसाळ्यातून खाली उतरतात आणि ट्रेच्या खळग्यांत बसून राहतात. सकाळी अभ्यासक एकेक ट्रे उचलून पाहतो, हवा तो पतंग काढून घेतो आणि बाकीचे सोडून देतो. गवतातल्या किड्यांसाठी कापडी जाळे फिरवतात. झाडावरच्यांसाठी फांदीखाली पांढरे कापड धरून फांदीवर काठी मारतात. आपण चिंचा पाडतो तशी, फक्त हलक्या हाताने. अगदी बारीक किड्यांसाठी एक बाटली असते. तिला दोन नळ्या. एक किड्याजवळ न्यायची, दुसरी तोंडात धरून हवा ओढायची. किडा बाटलीत येतो. तोंडातल्या नळीला जाळी लावलेली असते, हे सांगायला नकोच.

कीटक गोळा करणाऱ्यांचे जुने लाडके साधन म्हणजे मद्यार्काची बाटली लावलेला तंबू. स्वीडनच्या रेने मलेझ यांनी तो १९३० च्या दशकात प्रचारात आणला. उडणारे किडे तंबूच्या कापडावर आदळतात, वर चढतात आणि बाटलीत पडतात. आठवड्याने जाऊन बाटली आणायची. मोजदादीसाठी हे साधन उत्तम. जीनोमसाठी मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. किडा मेला की डीएनएचा धागा तुटायला लागतो. उबेत तर भराभर तुटतो. आठवडाभर पडून राहिलेल्या किड्यात लांब तुकडे उरत नाहीत, उरतो तो चुरा.

म्हणून जीनोमसाठीचा किडा जिवंत आणतात. त्याला थोडा गार करून सुस्तावतात, भिंगाखाली ओळखतात, छायाचित्र घेतात, आणि मग कोरड्या बर्फात किंवा द्रव नायट्रोजनमध्ये क्षणात गोठवतात. द्रव नायट्रोजनचे तापमान शून्याखाली १९६ अंश. त्यानंतर शून्याखाली ८० अंशांच्या शीतपेटीतून तो किडा हलत नाही. रानापासून यंत्रापर्यंत ही थंडीची साखळी कुठेही तुटता कामा नये.

नर की मादी, हाही प्रश्न असतो. माश्यांमध्ये, आपल्यासारखीच, लिंग ठरवणारी दोन वेगवेगळी गुणसूत्रे नरात असतात. पतंग-फुलपाखरांत बहुधा ती मादीत असतात. म्हणून माशी घ्यायची तर नर आणि पतंग घ्यायचा तर मादी घेतलेली बरी, म्हणजे पोथीचे एकही प्रकरण सुटत नाही. मधमाशीचा नर बिनफलित अंड्यातून जन्मतो. त्याच्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो, त्यामुळे पाठभेदाचा प्रश्नच मिटतो. २००६ साली मधमाशीचे वाचन झाले ते नरांच्याच डीएनएवरून.

किड्याच्या पोटात काय आहे, हेही पाहावे लागते. त्याने खाल्लेल्या पानाचा, चोखलेल्या रक्ताचा, आतड्यातल्या जिवाणूंचा डीएनए त्याच्या पोथीत मिसळतो. यातून केवढा घोटाळा होऊ शकतो, याचे उदाहरण २०१५ मध्ये घडले. संधिपादांचे जवळचे नातलग असलेले जलअस्वल नावाचे सूक्ष्म प्राणी आहेत. त्यातल्या एकाचा सुमारे सहावा हिस्सा जनुके दुसऱ्या जिवांकडून उचललेली आहेत, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी जाहीर केले. जगभर बातम्या झाल्या. थोड्याच दिवसांत एडिंबरोच्या संशोधकांनी दाखवून दिले की ती जनुके बव्हंशी त्या प्राण्याची नव्हतीच. सोबत आलेल्या जिवाणूंची होती. दुसऱ्याच्या ओळी आपल्या वहीत सापडल्या म्हणजे त्या आपल्या होत नाहीत, हे आम्हा कवींना चांगले ठाऊक आहे.

आता नावाविषयी. गोठवलेल्या प्रत्येक नमुन्याला एक सांकेतिक नाव मिळते. ब्रिटनमधल्या तांबड्या पट्ट्याच्या एका सुप्रसिद्ध फुलपाखराचे शास्त्रीय नाव व्हेनेसा अटलांटा. त्याच्या नमुन्याचे नाव होते ‘आय-एल-व्हॅन-अटाल-१’. ‘आय’ म्हणजे कीटक, ‘एल’ म्हणजे फुलपाखरे आणि पतंगांचा गण, पुढे दोन्ही नावांची सुरुवातीची अक्षरे, आणि शेवटी १. हा एक फार बोलका आहे. जातीतला तो पहिला, अमुक दिवशी, अमुक अक्षांश-रेखांशावर, अमुक माणसाने धरलेला आणि अमुक माणसाने ओळखलेला जीव. जीनोम प्रसिद्ध होतो, तेव्हा धरणारा आणि ओळखणारा या दोघांचीही नावे सोबत छापली जातात. ओळख पक्की करण्यासाठी एखादा पाय काढून त्यातल्या एका जनुकाची सुमारे ६५० अक्षरे आधीच वाचतात. ही पद्धत कॅनडाच्या पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये पुढे आणली. किडा मोठा असेल तर उरलेले अंग संग्रहालयात टाचून ठेवतात, म्हणजे पुढे शंका आली तर पाहता येते. बारीक किडा मात्र सगळाच खर्ची पडतो. मागे उरते ते छायाचित्र आणि चिठ्ठी.

नाव चुकले तर काय होईल? आफ्रिकेतला ॲनाफिलिस गॅम्बी हा मलेरियाचा डास घ्या. वरून पाहिले तर तंतोतंत त्याच्यासारखे दिसणारे त्याचे अनेक भाऊबंद आहेत. भिंगाखालीही ते वेगळे ओळखू येत नाहीत. त्यातले काही माणसाला चावून मलेरिया पसरवतात. एक जात मात्र बहुतेक गुराढोरांनाच चावते आणि मलेरियाशी तिचा फारसा संबंध नाही. तिची पोथी जर मलेरियाच्या डासाच्या नावावर जमा झाली, तर तिच्यावरून आखलेला उपाय भलत्यालाच लागू पडेल, आणि तापाने फणफणलेले मूल तसेच राहील. यंत्र अक्षरे अचूक वाचते, पण मुखपृष्ठावर काय लिहायचे हे त्याला माणसाने सांगावे लागते.

एवढे करून मिळते काय? एक उदाहरण देतो. २०२४ मध्ये २१० फुलपाखरे आणि पतंगांच्या जीनोमची तुलना प्रसिद्ध झाली. तीत असे दिसले की, या सगळ्यांच्या मुळाशी गुणसूत्रांचे ३२ प्राचीन गट आहेत आणि ते बहुतेक जातींत सुमारे २५ कोटी वर्षे जवळजवळ अभंग राहिले आहेत. या गटांना ‘मेरियन’ असे नाव दिले गेले. मारिया सिबिला मेरियन ही सतराव्या शतकातली जर्मन चित्रकार. सुरवंटापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास तिने वर्षानुवर्षे किडे पाळून पाहिला आणि रंगवला. १६९९ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, मुलीला घेऊन ती दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेली, ती केवळ किडे पाहायला. आजच्या यंत्रांनी तिचे नाव लक्षात ठेवले, याचा मला फार आनंद वाटतो. या घराण्यात बंडखोरही आहेत. उत्तर आफ्रिकेच्या डोंगरांतल्या एका निळ्या फुलपाखराची गुणसूत्रे फुटून फुटून त्यांच्या २२९ जोड्या झाल्या आहेत, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या जोड्या २३.

दुसरे उदाहरण आपल्या शेतातले. बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. ते विष अळीच्या आतड्यातल्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटते, तेव्हाच काम करते. भारतातल्या शेतांमधून गोळा केलेल्या गुलाबी बोंडअळ्या संशोधकांनी तपासल्या. त्याच प्रथिनाच्या जनुकात अनेक प्रकारचे बिघाड झालेले त्यांना आढळले. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. विषाला चिकटायला जागाच उरली नव्हती. २०१७ च्या हंगामात विदर्भातल्या बीटी कापसाची बोंडे गुलाबी अळीने पोखरली, तेव्हा यवतमाळच्या शेतकऱ्याला या अक्षरांतल्या फरकाची किंमत मोजावी लागली. कुठल्या शेतातली अळी, कुठल्या महिन्यातली, कुठल्या वाणावरची, ही चिठ्ठी सोबत नसेल तर असल्या वाचनातून शेतकऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

एक प्रश्न मनात राहतोच. वाचण्यासाठी मारायचे का? कुराणात मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावांनी तीन सूरा आहेत. मुंगीच्या सूरेत पैगंबर सुलेमान यांचे सैन्य येताना पाहून एक मुंगी आपल्या बहिणींना घरात शिरायला सांगते, कारण ते सैन्य तिला न पाहता तुडवून जाईल अशी तिला भीती असते. मला वाटते, तिच्या बोलण्यातला खरा दंश त्या ‘न पाहता’मध्ये आहे. आपल्या दिव्यांनी, फवाऱ्यांनी आणि चाकांनी आपण रोज न पाहता किती मारतो, याचा हिशोब नाही. इथे एक जीव पाहून, ओळखून, नोंदवून घेतला जातो, आणि त्याची पोथी सगळ्यांसाठी खुली ठेवली जाते. हा फरक लहान नाही. तरीही गरजेपेक्षा एकही जास्त घेऊ नये आणि बाकीचे सोडून द्यावेत, हा नियम हवाच. चांगले संग्राहक तो पाळतात.

आणि दुसरा प्रश्न : किडा कुणाचा? भारताने २००२ मध्ये जैवविविधता कायदा केला. त्यानुसार परदेशी संशोधकाला इथले जैविक नमुने घेण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची आधी परवानगी लागते. २००८ मध्ये दार्जिलिंगजवळच्या सिंगलीला राष्ट्रीय उद्यान परिसरात परवान्याविना कीटक गोळा केल्याबद्दल दोन चेक अभ्यासकांना अटक झाली आणि न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. पण जीनोमने नवीच गुंतागुंत केली. किडा एकदा वाचला गेला की मजकूर तारेवरून जगात कुठेही जातो, किड्याला सीमा ओलांडावी लागत नाही. अशा मजकुराच्या व्यापारी वापरातून होणाऱ्या फायद्याचा वाटा मूळ देशांना आणि तिथल्या स्थानिक लोकांना मिळावा, म्हणून कंपन्यांनी स्वेच्छेने पैसे भरावेत असा ‘काली निधी’ फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. ‘स्वेच्छेने’ या शब्दावर त्याचे भवितव्य टांगलेले आहे.

शेवटी, मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. यंत्रे दरवर्षी वेगवान होत आहेत आणि वाचनाचा खर्च उतरत चालला आहे. दुर्मिळ आहे तो पाहताक्षणी किडा ओळखणारा माणूस. एका गटातल्या भुंगेऱ्यांवर किंवा गांधीलमाश्यांवर आयुष्य घालवलेला, पंखावरच्या शिरा आणि पायावरचे काटे मोजणारा. आपल्याकडे १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे, १९१६ पासूनचे भारतीय प्राणी सर्वेक्षण आहे. त्यांच्या लाकडी कप्प्यांत टाचणीला टोचलेले, बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्यांचे किडे आहेत. त्या चिठ्ठ्या वाचणारी नवी पिढी हवी. गावातली एखादी मुलगी चतुरांचे प्रकार ओळखत असेल, एखाद्या शेतकऱ्याला कपाशीवरच्या दहा किड्यांची दहा नावे सांगता येत असतील, तर या कामाची पहिली पायरी त्यांच्या हातात आहे. त्यांच्याजवळची नावे लिहून घ्यायला हवीत. दिवस, जागा आणि सांगणाऱ्याचे नाव यांच्यासह.